यंत्र वाजलं म्हणजे तार सापडली असं नव्हे

जुनी द्राक्षबाग काढून त्या जागी मका किंवा हत्तीघास केलेल्यांनी हा लेख जरा सावकाश वाचावा. मंडप उतरवताना तार गुंडाळून नेली जाते, अँगल विकले जातात, पण पक्कडीनं तोडलेले दोन-दोन बोटांचे तुकडे तिथंच मातीत राहतात. रोटाव्हेटर ते खालीवर करतो. पुढं घासाच्या बुंध्याला चिकटलेल्या ढेकळाबरोबर एखादा तुकडा कडबाकुट्टीत जातो, त्याचे आणखी तीन होतात आणि गव्हाणीत पडतात. गाय शेळीसारखी निवडून खात नाही. ती घास ओढते अन् गिळते.

माझ्या कामाच्या भागात, तासगाव तालुक्यात, एका शेतकऱ्याची दुसऱ्या वेताची संकरित गाय अशीच गेली. आधी दूध निम्म्यावर आलं, मग तिनं चारा सोडला. पाठ कमानीसारखी करून उभी राहायची, उतारावर पाऊल टाकायला तयार नसायची. अपचन समजून चार दिवस घरगुती औषधात गेले. पुढच्या पायांच्या मध्ये सूज उतरली तेव्हा डॉक्टरांना बोलावलं, पण उशीर झाला होता. शवविच्छेदनात करंगळीएवढी तार निघाली. जाळीदार पोटातून पडदा भेदून ती हृदयापर्यंत पोहोचली होती. गोठ्यात अजून तीन गाई होत्या आणि चारा त्याच वीस गुंठ्यांतला.

म्हणून मी ओळखीच्या पाइपलाइनवाल्याकडून मेटल डिटेक्टर मागून आणला. अंगणात खिळा टाकून पाहिला, यंत्र वाजलं. झालं, एवढ्या शहाणपणावर आम्ही रानात गेलो. रानात यंत्र थांबेचना! बारा ठिकाणी उकरलं. हाती काय आलं, तर मुरमाचे खडे आणि बैलाच्या खुराची एक जुनी पत्री. गडी हसू लागले, ते बरोबरच होतं. चूक यंत्राची नव्हती, माझी होती.

यंत्र खोटं वाजतं ते मुख्यतः दोन कारणांनी, जमिनीमुळं किंवा विजेमुळं. कोणतं कारण आहे हे ओळखायची सोपी खूण सांगतो. चकती कमरेइतकी उचलून हात अगदी स्थिर धरा. तरीही यंत्र कुरकुरत असेल तर ती वीज. हात थांबल्यावर गप्प आणि जमिनीवर चकती खालीवर करताच आवाज, तर ती जमीन.

आधी जमिनीचं बघू. चकतीतलं तारेचं वेटोळं जमिनीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडतं. धातू असेल तर त्यात बारीक प्रवाह फिरतो आणि त्याचा पडसाद चकती पकडते. पण आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. ओढ्याच्या वाळूतून चुंबक फिरवून बघा, मिशा फुटल्यासारखे काळे कण चिकटतात. तेच आपल्या काळ्या रानात आणि मुरमात आहे, त्यामुळं जमीनच यंत्राला लोखंडासारखी भासते. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीतही लोह भरपूर, तिथंही हा त्रास होतो. क्षारपड, ओल्या रानाची गोष्ट निराळी. तिथं मातीतलं खारट पाणीच वीज वाहून नेतं आणि यंत्र फसतं. पाणी दिल्या दिवशी शोध घेऊ नका, वाफसा येऊ द्या.

यावर उपाय म्हणजे यंत्राचं ग्राउंड बॅलन्सचं बटण. त्याच रानातली, खाली धातू नसलेली जागा निवडा. चकती जमिनीला समांतर धरून गुडघ्यापासून दोन बोटांच्या अंतरापर्यंत खाली न्या, पुन्हा वर घ्या. खाली नेताना आवाज वाढत असेल तर बटण एका बाजूला, घटत असेल तर दुसऱ्या बाजूला, अगदी थोडंथोडं फिरवा. कोणती बाजू ते यंत्राच्या पुस्तिकेत असतं. खालीवर करताना आवाज सारखा राहिला की जमीन जुळली. काही यंत्रांत हे आपोआप होतं, पण चकती खालीवर करावी लागतेच. एकाच रानात काळी माती संपून मुरूम लागला तर पुन्हा जुळवा. आम्ही अंगणात जुळवाजुळव केली असती तरी ती रानात चालली नसती.

आता वीज. डोक्यावरून ११ केव्हीची लाइन, कोपऱ्यात डीपी, शेजाऱ्याची मोटर, डुकरांसाठी लावलेलं झटका यंत्र, सगळे यंत्राच्या कानात ओरडतात. झटका यंत्राचा ठोका सेकंदाला एकदा ऐकू येतो, तो लगेच ओळखता येतो. खिशातला मोबाइल बांधावर ठेवा. सेन्सिटिव्हिटी कमी करा. खोली थोडी घटेल, पण आपल्याला नांगराच्या तळाचं नको, वरची वीतभर माती साफ हवी आहे. यंत्रात फ्रिक्वेन्सी बदलायची सोय असेल तर तीही वापरून पाहा. चकतीची दिशा बदलून, लाइनीला आडवं चालूनही फरक पडतो. आणि सर्वांत उत्तम म्हणजे लाइट नसताना काम करा. भारनियमनाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं! डीपीजवळ यंत्र वाजलं तर मात्र उकरू नका, खाली अर्थिंगची पट्टी असते. मोटरच्या केबलची वाटही आधी विचारून घ्या.

अजून एक. ही यंत्रं बहुधा नाणी-दागिने शोधणाऱ्यांसाठी केलेली, त्यामुळं लोखंड गाळण्याचं बटण असतं. ते पूर्ण बंद ठेवा, आपल्याला लोखंडच हवंय. आणि यंत्र गाईच्या छातीला लावून निदान करू नका. धडधाकट गाईच्या पोटातही खिळा पडून असू शकतो. ते डॉक्टरांवर सोडा, पोटात चुंबक सोडण्याचा उपायही त्यांनाच विचारा.

सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. असंच यंत्र घेऊन कोणी ‘गुप्तधन दाखवतो’ म्हणत आला, तर त्याला चकती स्थिर धरायला सांगा. काळ्या रानात न जुळवलेलं यंत्र कुठंही वाजतं, अन् त्या आवाजावर पैसे उकळले जातात. खरोखर दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केला, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

त्या वीस गुंठ्यांत आम्ही पुन्हा गेलो ते सकाळी, वीज नसताना. दोरी लावून पट्टे पाडले, चकतीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवला. वरवरचे तुकडे जुन्या लाउडस्पीकरच्या चुंबकानं आधीच ओढून घेतले होते. दोन सकाळींत तेलाचा डबा पाऊण भरला. डीपीखालचा कोपरा तेवढा साफ झाला नाही. तिथला घास काढून शेतकऱ्यानं झेंडू लावला आहे, आणि कडबाकुट्टीच्या तोंडाशी एक चुंबक बसवला आहे.