मागचं चाक घसरू द्यायचं

सुपरमोटो ही मोटरसायकलींची शर्यत पाहायची तर सरळ पट्टा संपून ब्रेक लागतात तिथं उभं राहावं. इंजिनांचा आवाज चढत येतो, मग गिअर पटापट खाली पडतात आणि मागचं चाक डांबरावरून बाहेरच्या अंगाला सरकू लागतं. गाडी वळणात शिरते ती जवळजवळ आडवी. आतल्या बाजूचा पाय पुढे ताणलेला, कोपर वर, धड मात्र ताठ. नवखा प्रेक्षक मनात म्हणतो, गेला हा! तोवर चालकानं थ्रॉटल उघडलेला असतो.

हे घसरणं चुकून होत नाही. जोरात ब्रेक लावले की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. त्यातच गिअर खाली टाकले की इंजिन मागच्या चाकाला रोखू पाहतं. साधा क्लच असेल तर ते चाक तिथंच थडथड उड्या मारू लागेल. स्लिपर क्लच हा उलटा जोर थोडा सोडून देतो, म्हणून चाक उसळत नाही, घसरतं. किती घसरायचं हे क्लचवरचं बोट आणि मागच्या ब्रेकवरचा उजवा पाय ठरवतात. गंमत उजव्या वळणात असते. तिथं बाहेर काढायचा पाय नेमका हाच! त्यामुळे पाय उचलण्याआधी घसरण जमवून घ्यावी लागते. पुढचं सगळं क्लचवर.

गाडी मुळात मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या शर्यतीची, बहुधा ४५० सीसीची, एका सिलिंडरची. तिची २१ इंची पुढची आणि १९ इंची मागची चाकं काढून १७ इंचांच्या आसपासची रुंद चाकं बसवतात, त्यांवर गुळगुळीत स्लिक टायर. पुढची डिस्क तीनशे मिलिमीटरहून मोठी. सस्पेन्शनची चाल कमी केलेली. एवढं करून गाडीचं वजन सव्वाशे किलोच्या आतच राहतं आणि ताकद साठ अश्वशक्तीच्या घरात.

आणि मग हीच गाडी मातीत घालायची! ट्रॅकचा बराचसा भाग डांबरी असतो, पण मध्येच मातीचा तुकडा येतो, त्यात उड्या असतात. तिथं स्लिक टायरची पकड जेमतेम. पण खरी अडचण माती संपल्यावर सुरू होते. टायरला चिकटलेली धूळ डांबरावर येते आणि पहिल्याच वळणावर पसरते. स्वच्छ पट्टा अरुंद होत जातो, ओव्हरटेक करायचं तर धुळीतून जावं लागतं. पुष्कळदा निकाल तिथंच लागतो.

या खेळाचा जन्म एका वादातून झाला: डांबर, मोटोक्रॉस आणि मातीचा अंडाकृती ट्रॅक, यांतला सर्वांत तरबेज चालक कोण? अमेरिकेत स्थायिक झालेले ब्रिटिश आयोजक गॅविन ट्रिप यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडला तिन्हीकडच्या चालकांना एकाच ट्रॅकवर उतरवलं. एबीसी वाहिनीच्या या ‘सुपरबायकर्स’ शर्यतीची पहिली बाजी मोटोक्रॉसच्या केंट हॉवर्टननं मारली. १९८५ नंतर अमेरिकेत ती थांबली. फ्रेंचांनी मात्र ‘सुपरमोटार्ड’ म्हणून खेळ उचलून धरला. २००२ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं, तेव्हाही नाव कोरलं ते थिएरी व्हॅन डेन बॉश या फ्रेंच चालकानंच. पुढे आद्रियाँ आणि तोमा हे शारेर बंधू दोघेही जगज्जेते झाले.

आकर्षण वाढण्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. या शर्यतीला प्रचंड सर्किट लागत नाही, गो-कार्टचा ट्रॅक पुरतो. वेग मोठ्या सर्किटपेक्षा कमी, वळणं जास्त, आणि प्रेक्षकाला एका जागेवरून बराचसा ट्रॅक दिसतो. मोटोजीपीचे चालकही सरावासाठी या गाड्यांवर बसतात, कारण टायरची पकड सुटल्यावर काय करायचं हे इथं शंभर वेळा गिरवता येतं.

भारतात फॅक्टरीतून आलेल्या सुपरमोटो गाड्या मोजक्याच. डुकाटीची हायपरमोटार्ड मिळते, पण तिची किंमत ऐकून बहुतेक जण घरी परततात. मग हौशी मंडळी हिरो एक्सपल्सची २१ आणि १८ इंची चाकं काढून १७ इंची बसवतात, रस्त्याचे टायर चढवतात. गाडी खाली येते, वळणात चटकन कलते. पुढचं चाक लहान झाल्यामुळे जास्त फेरे घेतं आणि स्पीडोमीटर खऱ्याहून अधिक वेग दाखवू लागतो. त्याबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही.