उपशामक सेवेतील औषधोपचार

उपशामक सेवेतील औषधोपचार म्हणजे कर्करोग, हृदय, मूत्रपिंड वा फुप्फुसांचे दीर्घ विकार यांसारख्या गंभीर आजारांत वेदना, धाप, मळमळ इत्यादी लक्षणे कमी करण्यासाठी केलेली औषधयोजना. हिला पॅलिएटिव्ह केअर असेही म्हणतात. ही सेवा केवळ अखेरच्या दिवसांपुरती नसून मूळ आजाराच्या उपचारांसोबतही दिली जाते.

वेदनाशमन

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत मांडली : सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यम वेदनेसाठी कोडीनसारखे सौम्य ओपिऑइड आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन. शक्यतो औषध तोंडावाटे, ठरलेल्या वेळी व रुग्णागणिक मात्रा ठरवून द्यावे, ही तिची मुख्य तत्त्वे होत. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो; म्हणून वेदना परतण्यापूर्वीच पुढील मात्रा देतात. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेन्टिनची जोड दिली जाते.

मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता होते व ती आपोआप ओसरत नाही. म्हणून सोबत रेचक देतात. मळमळ मात्र बहुधा काही दिवसांत कमी होते. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास मात्रा कमी ठेवावी लागते. वैद्यकीय देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते.

इतर लक्षणे

मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा हॅलोपेरिडॉल वापरतात. धाप असह्य झाल्यास मॉर्फिनची अल्प मात्रा उपयोगी पडते. गिळणे अशक्य झाल्यास औषधे त्वचेखालील इंजेक्शनने देता येतात.

कायदा व उपलब्धता

अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या कायद्यानुसार मॉर्फिनसाठी राज्यांचे वेगवेगळे परवाने लागत. परिणामी अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच टाळले. २०१४च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण होऊन देशभर समान नियमांची तरतूद झाली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ही औषधे ठेवता येतात.

महाराष्ट्र

मुंबईतील वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाते. पुण्यातील वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही स्वतंत्र विभाग आहे.

अशा संस्था प्रामुख्याने शहरांत आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावांहून, उदाहरणार्थ भातसा धरणालगतच्या भातसानगरहून, परळला जायचे तर आधी रस्त्याने आसनगाव वा कल्याण गाठून पुढे लोकलने जावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला हा प्रवास दर वेळी झेपत नाही. त्यामुळे ग्रामीण भागात वेदनाशमन हे जवळच्या रुग्णालयात मॉर्फिन मिळणे, ते लिहून देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असणे आणि घरच्यांना औषधाच्या वेळा समजावून देणे, या तीन गोष्टींवर अवलंबून असते.