पर्यावरण-नेतृत्वाची अधिछात्रवृत्ती : पात्र उमेदवार कोण?

शिष्यवृत्ती हे बहुधा संपादन केलेल्या गुणांचे पारितोषिक असते. पर्यावरण-नेतृत्वासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांस मिळणारी अधिछात्रवृत्ती ही पुढे करावयाच्या कार्यासाठी दिलेली उचल होय. अमेरिकेतील स्विट्झर प्रतिष्ठानाने १९८६ साली सुरू केलेली अधिछात्रवृत्ती याच प्रकारची आहे. अशा वृत्तीस पात्र कोण, हे डोंबिवलीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली औद्योगिक क्षेत्रांचे हवा, पाणी व जमीन या तीन अंगांनी मूल्यमापन केले. सत्तरीच्या वर गुण गेलेली क्षेत्रे अतिगंभीर प्रदूषित गणण्यात आली. डोंबिवलीस ७८.४१ गुण पडले. येथे अधिक गुण म्हणजे अधिक दोष. सामान्य अर्जदार हा आकडा उद्धृत करून प्रदूषण-निर्मूलनाचा संकल्प सोडतो. समर्थ उमेदवार त्या आकड्याची फोड करतो. प्रत्येक अंगाचा वाटा किती, नमुने कोठले व कोणत्या ऋतूतले, हे तो विचारतो. डोंबिवलीनजीक उल्हास नदीस खाडीचे स्वरूप येते. भरती-ओहोटीनुसार एकाच ठिकाणचे पाणी पालटते. म्हणून एका वेळच्या नमुन्यावर त्याचा भरवसा नसतो. प्रश्न नेमका मांडणे ही पात्रतेची पहिली खूण होय.

दुसरी खूण म्हणजे विषयाची सीमा ओलांडण्याची तयारी. २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी येथील रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांत माणसे दगावली व आसपासच्या इमारतींची हानी झाली. अशा वेळी कारखाने हलवावेत ही रहिवाशांची मागणी आणि कामगाराची रोजीची चिंता, दोन्ही खऱ्या असतात. केवळ रसायनशास्त्र जाणणाऱ्यास येथे मार्ग सापडत नाही. १९७४ चा जलप्रदूषण कायदा, नगररचना आणि कामगारांची स्थिती यांचाही अभ्यास त्यास करावा लागतो. दोन्ही पक्षांनी ज्याचे मोजमाप ग्राह्य मानावे, असा विश्वास संपादन करणे हेच नेतृत्व; पदांची यादी म्हणजे नेतृत्व नव्हे.

शिफारसपत्राचीही हीच कसोटी. उमेदवाराचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या शिक्षकाच्या चार ओळी, त्यास न ओळखणाऱ्या थोर अधिकाऱ्याच्या प्रशस्तीहून मोलाच्या ठरतात. फसलेला प्रयोग व त्यावरून बदललेली पद्धत अर्जात प्रांजळपणे नमूद केल्यास अर्ज दुबळा न होता विश्वसनीय होतो.

अखेरीस निवड समितीने एवढेच पाहावे : ही वृत्ती न मिळाली, तरी हा विद्यार्थी पुढल्या ओहोटीस नमुना घेण्यास खाडीवर जाईल काय? जो जाईल, त्याच्या हाती ही उचल सार्थकी लागेल.