फलकावरची दोन नावं

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात उतरलात, तर तमाशाच्या राहुट्या ओळीनं लागलेल्या दिसतील. प्रत्येकीवर फडाचा फलक, आत टेबल, खुर्च्या आणि तारखांची वही. जुन्नर-आंबेगावातले नि लांबलांबचे गावकरी येतात, घासाघीस करतात, सुपारी देतात आणि आपल्या भैरवनाथाच्या किंवा खंडोबाच्या यात्रेची रात्र पक्की करतात. कितीतरी फलकांवर दोन नावं असतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे दोघे भाऊ. पुढे तमाशात गाजलेली विठाबाई ही त्यांतल्या भाऊंची लेक. काही जोड्यांच्या मागे मात्र प्रेम होतं, आणि त्या प्रेमानं तमाशाला काय काय दिलं हे पाहून मी थक्क होतो.

इथून नाशिकच्या दिशेनं निघालं की संगमनेर तालुका लागतो. त्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा. तिचा जोडीदार श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव. जन्म 1866, वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष. तो ब्राह्मण, ती महार. त्या काळात त्यानं कुलकर्णीपण सोडून तिच्याबरोबर तमाशाच्या बोर्डावर उभं राहावं, ही केवढी उलथापालथ! बापूराव कवनं लिहायचा, पवळा ती गळ्यातून आणि पायांतून लोकांपर्यंत पोचवायची. ‘मिठाराणी’च्या वगानं, म्हणजे तमाशातल्या नाट्यानं, मुंबई वेडी झाली. पुढे दोघांची ताटातूट झाली आणि बापूरावाचे दिवस फिरले. पवळेला नुसती त्याची प्रेरणा म्हणणं मला अपुरं वाटतं. ढोलकीच्या तोडीस तोड उभा राहणारा गळा नसता, तर ती कवनं वहीतच राहिली असती.

वगाची गंमत अशी, की पूर्वी त्याची संहिता फारशी लिहिलेली नसे. कथानक ठरलेलं, संवाद बोर्डावर सुचतील तसे. समोरच्याचा श्वास कुठे तुटतो, तो कुठल्या शब्दावर हशा घेणार, हे ठाऊक नसेल तर नायक-नायिकेचा प्रसंग कोसळतो. एकाच ट्रकमधून प्रवास, एकाच राहुटीत मुक्काम, एकाच चुलीवरची भाकरी. एवढ्या सहवासातून ती जाण येते. मग संसार कुठे संपतो आणि वग कुठे सुरू होतो, हे सांगणं कठीण.

नातं आणि कला अशी एकमेकांत मिसळणं रॉकच्या दुनियेतही घडलंय. ‘फ्लीटवुड मॅक’ या बँडमधले स्टीव्ही निक्स आणि लिंडसी बकिंगहॅम यांचं नातं तुटलं, तरी 1977 च्या ‘रूमर्स’ या अल्बममध्ये ते एकमेकांवर लिहिलेली गाणी शेजारी उभं राहून गायले. पण फडात नातं तुटलं किंवा जोडीदार गेला, की पोटाचाच प्रश्न उभा राहतो.

कांताबाई सातारकरांवर तीच वेळ आली. तुकाराम खेडकरांबरोबर त्या बोर्डावर नायिका होत्या नि घरात बायको. 1964 मध्ये खेडकर गेले. पदरात लहान मुलं. कांताबाई पुन्हा उभ्या राहिल्या, स्वतःचा फड काढला, संगमनेरात घर केलं. विठाबाईंच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांनाही मिळाला. मे 2021 मध्ये करोनानं त्यांना नेलं, तोवर मुलगा फडाचा नायक झाला होता आणि फलकावर नावं होती: रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर.