'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नका

आमच्या वस्तीत एक मुलगी आहे. अडीच वर्षांची झाली तरी 'आई' म्हणेना. आजीचे एकच, "हिचा बाप तरी कुठं लवकर बोलला? बोलंल हळूहळू." एका दवाखान्यातही 'थांबा' असेच सांगितले. कुणी गंडा बांधला. शेवटी एका रविवारी आम्ही तिच्या पाठीमागे ताट आपटले. पोर खेळतच राहिली, मान वळली नाही. दोष जिभेचा नव्हता, कानाचा होता.

मात्र ताट वाजवून खात्री होत नाही. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नाहीत, असे असू शकते. खरी तपासणी 'बेरा' नावाची. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला वायरी चिकटवून करतात, दुखत नाही.

पहिल्या तीन वर्षांत मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो. या काळात कानावर शब्दच पडले नाहीत तर पुढे भाषा शिकणे फार जड जाते. म्हणून घाई करायची. हे फक्त कानाचे नाही. नऊ महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे चालत नाही, दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, तर तपासून घ्यावे. काही नाही निघाले तर चांगलेच!

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढच्या तपासणीसाठी आणि व्यायाम, वाचा-उपचार यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, पैसे पडत नाहीत. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. वाचा आणि श्रवण हेच तिचे काम, १९८३ पासून.

खाडा झाला की रोज बुडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण केंद्रात आठवड्याला तासभरच. बाकीचे घरीच करायचे असते, आणि ते आईबापांना शिकवतात. आंघोळ घालताना, भाकरी भरवताना मुलासमोर तोंड करून बोलायचे. हे आजीलाही जमते, बापालाही. सुनेला बोल लावण्यात जाणारा वेळ यात घातला तर बरे.

आम्ही कारकून, म्हणून आणखी एक सांगतो. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड आणि सगळे केसपेपर एकाच पिशवीत ठेवा. केसपेपर हरवला की पुन्हा पहिल्यापासून रांग.

त्या मुलीला आता कानाचे मशीन मिळाले आहे. दोन दिवस ती ते काढून फेकायची. परवा कुकरची शिट्टी झाली आणि ती दचकून आईच्या पदरात शिरली. आजी मोठ्याने म्हणाली, "ऐकलं गं तिनं!" आणि शेजारच्या चार घरच्या बाया धावत आल्या.