दहा मिनिटे

आषाढ उलटून श्रावणाच्या सरी सुरू झाल्या आणि आमच्या मोत्याच्या आगमनाची वर्दी त्याच्या पावलांआधी त्याचा वास देऊ लागला. पावसात भिजून आलेल्या कुत्र्याचा वास प्रत्येक श्वानपालकाच्या परिचयाचा असतो आणि पंख्याखाली तासाभरात विरतो; हा मात्र खवट झालेल्या जुन्या तेलाचा, ओल्या गोणपाटाची भेसळ असलेला वास होता, आणि त्याच्या लोंबत्या कानांतून, मानेखालच्या घड्यांतून व बगलांतून त्याचा असा भपकारा येई की, घरी पाहुणे बसले असता मोत्याला दिवाणखान्यात मज्जाव करण्याची पाळी यावी. खरे सांगायचे तर, ठाण्यातील त्या लहानशा दवाखान्याची पायरी मी चढलो ती मोत्याच्या खाजेविषयीच्या करुणेने कमी आणि या वासाच्या संकोचाने अधिक.

तत्पूर्वी घरगुती उपायांचा एक संपूर्ण हंगाम होऊन गेला होता. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी झाले, हळद झाली, शेजाऱ्यांच्या शिफारशीवरून कोमट तेलाचे मर्दन झाले, आणि औषधांच्या दुकानातून विनाचिठ्ठी आणलेले एक मलमही झाले, ज्याच्या योगे चार दिवस खाज थांबली आणि पाचव्या दिवशी व्याजासह परत आली. डॉक्टरबाईंनी मलमाची नळी उलटीसुलटी करून वाचली, त्यातील स्टेरॉइडच्या नावावर नुसते बोट ठेवले, आणि तेलाची हकिकत ऐकल्यावर मात्र त्यांना हसू आवरले नाही. “अहो, ही बुरशी स्निग्धावर पोसते. तुम्ही तिच्यासाठी अन्नछत्र उघडलंत की!”

निदानाला फार वेळ लागला नाही. पारदर्शक चिकटपट्टीचा एक तुकडा मानेखाली दाबून उचलला, रंगात बुडवला, काचेवर बसवला, आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याचे फर्मान सुटले. फिकट निळ्या पेशींच्या पसाऱ्यात गडद जांभळे, कमरेशी आवळलेले, भुईमुगाच्या शेंगेसारखे ठिपके दाटीवाटीने बसले होते. हे मॅलासेझिया नावाचे यीस्ट. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचे नामकरण झालेले. निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही त्याची तुरळक वस्ती असतेच. दोष त्याच्या अस्तित्वात नसून बेसुमार वाढीत असतो. कुत्र्यांना पीडणाऱ्या जातीला पॅकिडर्मॅटिस, म्हणजे जाड कातडीवरची, म्हणतात, कारण १९२५ साली वीडमन नामक संशोधकाने तिचे वर्णन केले ते एका भारतीय गेंड्याच्या सोलवटलेल्या त्वचेवरून! मोत्याच्या बगलेतील काळवंडलेली, सुरकुतलेली, हत्तीच्या कातड्याची आठवण करून देणारी चामडी पाहता, हे नाव मला कमालीचे समर्पक वाटले.

गोळ्या लिहून मिळाल्या, त्यापूर्वी यकृताची खातरजमा करण्यासाठी रक्त घेतले गेले. बुरशी ही बहुधा आगंतुक असते, तिला दार उघडून देणारी ॲलर्जी निराळीच असते, सबब पिसवांचा बंदोबस्त करावा आणि आठ आठवडे आहार बदलून पाहावा, असेही डॉक्टरबाईंनी बजावले. हे सारे निःसंशय शास्त्रशुद्ध होते. परंतु माझे मन त्या चिठ्ठीत रमले नाही, ते गुंतले मागच्या न्हाणीघरात.

तिथे मामांचा अंमल होता. साठीकडे झुकलेले, गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेले, रबरी एप्रन चढवलेले हे गृहस्थ दवाखान्यातील कुत्री धूत असत, आणि त्यांच्या समोरच्या भिंतीवर एक गोल घड्याळ टांगलेले होते. क्लोरहेक्सिडीन व मायकोनॅझोल, दोन्ही दोन-दोन टक्के असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, हे चिठ्ठीवर होतेच. त्याच बाटलीतून मीही घरी महिनाभर मोत्याला न्हाऊ घातले होते, आणि गुण येत नाही म्हणून औषधाला बोल लावला होता. मामांनी फक्त विचारले, “साहेब, फेस किती वेळ ठेवायचा?” मी म्हटले, असेल दोनतीन मिनिटे. “दहा,” ते म्हणाले. “दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं.”

औषधाला कातडीवर टिकून काम करण्यास तेवढी मुदत लागते, हे बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ते कोणी वाचत नाही. पण दहा मिनिटे ही वाचायची वस्तू नव्हेच. अंगभर फेस माखलेला, थंडीने कुडकुडणारा, दर अर्ध्या मिनिटाला अंग झाडू पाहणारा एक प्राणी एका जागी उभा ठेवणे, त्याला पंजा चाटू न देणे, डोळ्यांत थेंब जाऊ न देणे, आणि त्याच वेळी अंगठ्याने मानेची प्रत्येक घडी उलगडून, बोटांच्या बेचक्यांतून, शेपटीच्या मुळाशी तो फेस पुन्हा पुन्हा फिरवत राहणे, हे काम पाहीपर्यंत दहा मिनिटे किती लांब असतात याची मला कल्पना नव्हती. मामा मोत्याशी अखंड बोलत होते; कधी “राजा, झालंच हं”, कधी “चल रे लबाडा”, आणि मधूनच नजर वर, घड्याळाकडे. चौथ्या मिनिटाला मोत्याने कण्हायला सुरुवात केली. सातव्या मिनिटाला मला आमच्या घरच्या न्हाणीची लाज वाटू लागली.

सहाव्या आठवड्याला काचेवर शोधून एकदोन शेंगा सापडल्या. डॉक्टरबाईंनी समाधानाने नोंदवहीत शेरा मारला आणि श्रेय गोळ्यांना दिले. मी विरोध केला नाही, कारण गोळ्यांचाही वाटा असणारच. पण त्याच दिवशी न्हाणीघरात वाकून मी मोत्याच्या मानेखाली नाक खुपसले, तेव्हा तिथे शाम्पूचा उग्र औषधी गंध आणि ओल्या कुत्र्याचा साधा, ओळखीचा वास होता. खवटपणा कुठेच नव्हता. मी हर्षाने मामांना म्हटले की, आता सोडा बिचाऱ्याला, बरा झालाय तो.

मामांनी घड्याळाकडे पाहिले. “अजून तीन मिनिटं आहेत, साहेब,” ते म्हणाले, आणि अंगठा पुन्हा घडीत गेला.