खोल पाणी, भाग ५ : आधी परतीचं ठरवा

गेल्या भागात सिलिंडर, रेग्युलेटर आणि हवेचं जॅकेट यांची ओळख झाली. आता प्रत्यक्ष बेत. दिवाळी सरली की नेरळ-कर्जतपासून चौक-खोपोलीपर्यंत ‘यंदा मालवणला स्कूबा करून येऊ’ अशी टूम निघते. गाडी कोणाची, खोल्या तारकर्लीत की देवबागला, सुरमई कुठे चांगली मिळते, इथवर सगळं ठरतं. पाण्याखालचं काय ते तिथला गाइड बघेल, म्हणून तो विषय तिथेच सुटतो. गाइड बघतोच. पण डाइव्ह चांगली होणार की नाही, हे बऱ्याच अंशी होडीत पाय ठेवण्याआधीच ठरलेलं असतं.

ते ठरवायची रीत उलटी आहे. ढाकच्या बहिरीला जाणारा जाणता माणूस निघण्यापूर्वीच सांगून ठेवतो, की अमुक वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं. पाण्याखाली हाच नियम अधिक कडक होतो. म्हणून डाइव्हचा बेत शेवटाकडून आखायचा: आधी घरची वाट, मग होडी, मग वर येणं, मग तळ, आणि सगळ्यात शेवटी तारीख. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

मालवणहून आपल्या भागात यायला दोन रस्ते. एक मुंबई-गोवा महामार्गाने पेणपर्यंत आणि तिथून खोपोलीला. दुसरा फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर, सातारा, पुणे आणि द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरून खालापूर. महामार्गाची दशा आठवून बरेच जण दुसरा धरतात. एरवी हरकत नाही. डाइव्हच्या दिवशी मात्र थांबून विचार करावा. पाण्याखाली वाढलेल्या दाबात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या इतर भागांत नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. बाहेरचा दाब फार लवकर उतरला तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि सलग काही दिवस डाइव्ह घेतल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीलाही हाच हिशेब लावते. कोल्हापूरमार्गे येताना खंबाटकी, कात्रज आणि लोणावळा, तिन्ही त्या रेषेच्या वर.

घाबरवायचा हेतू नाही. गाइडने धरून चार-पाच मीटरवर दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणलं, तर अंगात फारसा नायट्रोजन साठत नाही. पण ओपन वॉटरचा कोर्स करून १८ मीटरपर्यंत जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडेही वाढते आहे. त्यांनी शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी घ्यावी, नाहीतर महामार्गाने किनाऱ्याकिनाऱ्याने यावं. त्या वाटेवर कशेडी आणि परशुराम हे घाट आहेत, पण ते ६०० मीटरच्या खूपच खाली. रेल्वेने आलात तर प्रश्नच नाही: कुडाळला रात्रीच्या कोकणकन्येत बसलात की पहाटे पनवेल. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झाला आणि मालवणपासून जवळ पडतो, त्यामुळे सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान हा मोह होतो. तो सोडावा. बुडबुड्यांवर इलाज करणारी दाबाची कोठी नौदलाकडे असते, तालुक्याच्या दवाखान्यात नसते.

आता होडी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी एक होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. ही माणसं पाण्याखाली गेली होती, बघून वर आली होती. जीव गेला तो परतीच्या होडीत. सिलिंडरची भीती वाटणारा माणूस होडीत मात्र लाइफ जॅकेट मांडीवर घेऊन बसतो, हे मालवणच्या किनाऱ्यावर कधीही दिसेल. होडीत किती माणसं बसवणार, हे पैसे देण्याआधी विचारा. सगळे पाण्यात असताना होडीवर तांडेल थांबतो का, तेही विचारा. नुसत्या नांगरावर सोडलेल्या होडीकडे परत पोहायचं म्हणजे प्रवाह आपल्या बाजूने असावा, या आशेवर सगळं सोपवणं.

हवेचा हिशेब या भागातला सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून बघू. खोपोलीला टाटांच्या वीजगृहाकडे डोंगरावरून उतरणारे पाइप आपण लहानपणापासून बघतो. १९१५ साली सुरू झालेल्या त्या वीजगृहात पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून येतं. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण एका वातावरणाइतका दाब, म्हणजे पाइपाच्या तळाशी तो पन्नासपट होतो. चक्रं फिरतात ती या दाबावर. समुद्रातही गणित तेच. १० मीटरवर डोक्यावरची हवा आणि पाणी मिळून दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. फुप्फुसं भरायला तेवढ्याच पटीने हवा लागते.

नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरची क्षमता सुमारे ११ लिटर. २०० बार दाबाने भरला की त्यात २२०० लिटर हवा मावते. यातले ५० बार आधीच बाजूला काढायचे. ते आपले नाहीत, असं समजायचं. ते वर येण्यासाठी आणि सोबत्याची हवा संपली तर त्याच्यासाठी. उरले १६५० लिटर. नवखा, थोडा घाबरलेला माणूस जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. १० मीटरवर तो ४० घेणार, म्हणजे साधारण ४० मिनिटं. पण धडपड केली, हातांनी पाणी कापत बसलं, तर खर्च दीडपट सहज होतो आणि ४०ची २७ मिनिटं होतात. म्हणून मिनिटांवर मागे फिरायचं ठरवू नये, सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या काट्यावर ठरवावं. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध निघायचं आणि काटा १२५वर आला की वळायचं. येताना पाणीच आपल्याला होडीकडे आणतं.

तोच काटा पाण्यात उतरण्याआधीही कामाला येतो. सिलिंडरची तोटी उघडल्यावर रेग्युलेटर तोंडात धरा आणि काट्याकडे बघत तीन-चार दमदार श्वास घ्या. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून परत वर येत असेल, तर तोटी पूर्ण उघडलेली नाही. होडीवर या श्वासाला काही वाटत नाही, कारण तेवढ्या फटीतून तेवढी हवा येते. दहा मीटरवर दुप्पट लागते तेव्हा ती पुरत नाही. त्याच श्वासात वासही घ्या. डिझेलचा किंवा तेलाचा वास आला, तर कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढलेला असू शकतो. तो सिलिंडर परत करा. कोणी हसलं तर हसू दे.

वर येताना वेग मिनिटाला नऊ मीटरच्या पुढे नको, आणि खोल डाइव्हनंतर पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. उथळ पाणी म्हणजे सुरक्षित, हा समज सगळ्यात घातक. दहा मीटरपासून पृष्ठभागापर्यंतच्या टप्प्यात दाब निम्मा होतो, म्हणजे छातीतली हवा दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं, आणि त्याला चार मीटरही पुरतात. श्वास चालू ठेवायचा, बाकी सगळं नंतर. आणखी एक: पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. फोटोसाठी अंगठा दाखवणाऱ्याला गाइड खुशाल वर घेऊन येतो आणि मग पैसे वाया गेल्याची तक्रार होते. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

तळाशी काय बघणार? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा खडक आणि त्यावर तुकड्यातुकड्यांनी वाढलेलं प्रवाळ. अंदमानच्या चित्रांसारखी निळाई डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. इथे चांगल्या दिवशीही पाच-सात मीटर दिसलं तर नशीब. १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली लिहिलं, की इथलं प्रवाळ पर्यटकांच्या डाइव्हिंगमुळेच मोडतं आहे. त्यावर उभं राहणं, त्याला धरून फोटो काढणं, होडीचा नांगर त्यावर टाकणं, हे सगळं त्यात आलं. माझं मत विचाराल तर दोष एकट्या पर्यटकाचा नाही. तरंगायला न शिकवता माणसांना रांगेने खाली नेणारा धंदा त्याहून जास्त दोषी आहे. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. तुटलेला तुकडाही खिशात घालू नका.

राहिली तारीख. आधी एक शंका: अलिबाग-मांडवा हाताशी असताना मालवण कशाला? कारण आपल्याच नद्या. खोपोलीहून निघालेली पाताळगंगा गाळ घेऊन धरमतरच्या खाडीत जाते, अंबाही तिथेच मिळते, आणि शेजारी मुंबईचं बंदर. त्या पाण्यात उजेड खोलवर उतरत नाही आणि प्रवाळाला उजेड लागतो. मालवणलाही देवबागच्या संगमावर कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला तिचं गढूळ पाणी बाहेर पडतं, भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. म्हणून डाइव्ह भरती पूर्ण होण्याच्या सुमाराला धरायची. पाणी निवळ असतं आणि प्रवाह घटकाभर थांबतो.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची, तेवढे वाजता मुंबईला भरती पूर्ण. मालवणला ती पाऊण-एक तास आधी. इथे एक पेच आहे. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, प्रवाह सगळ्यात मंद. पण तेव्हा पूर्ण भरती पहाटे आणि संध्याकाळी येते, होड्या निघायच्या आधी किंवा परतल्यावर. पौर्णिमा-अमावास्येला ती अकराच्या सुमाराला येते, पण उधाणाचं पाणी ओढतं. मधली वाट द्वादशी-त्रयोदशीची. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे मालवणला आठ-सव्वाआठ. उधाण अजून भरात आलेलं नसतं आणि दुपारचा वाराही सुटलेला नसतो. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. आदल्या संध्याकाळी फोन करून ‘पाणी कसा आसा?’ एवढं विचारायचंच. समोरचा ‘गढूळ आसा, परवा येवा’ म्हणाला तर त्याचं ऐका. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस विश्वासाचा.

महिना म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. मे अखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलपर्यटन बंदच असतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात होड्या निघाल्या तरी पावसाचा गाळ पुरता बसलेला नसतो. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिना गाठणाऱ्यांनी पहिला पंधरवडा गाठावा, शेवटचा नाही.

या सगळ्याच्या आधी एक काम. दमा, फिट, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल, किंवा दिवस गेले असतील, तर खोली बुक करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. किनाऱ्यावर भरून घेतात त्या कागदावर हेच प्रश्न असतात, पण तोवर साडेचारशे किलोमीटर आलेला माणूस सगळीकडे ‘नाही’ अशीच खूण करतो. साधी सर्दी असेल तरी त्या दिवशी उतरू नका. तिचा कानाशी काय संबंध, हे पुढच्या आठवड्यात.